निसर्गाचा वारसाकर

इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात एका टेकडीच्या माथ्यावर अपपार्क नावाचा लाल विटांचा वाडा आहे. या वाड्याचं स्वयंपाकघर वाड्यात नाही. ते बाजूच्या वेगळ्या इमारतीत, आणि तबेले आणखी दुसऱ्या इमारतीत. मध्ये मोकळी हिरवळ. मग जेवणाची ताटं मालकांच्या मेजापर्यंत पोचायची कशी? हिरवळीच्या खालून. तिथे भुयारं खणलेली आहेत. नोकरमाणसं त्यांतून ये-जा करत, आणि त्यांना उजेड-वारा मिळावा म्हणून वर झरोके ठेवलेले आहेत. दिवाणखान्याच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला राबणारं माणूस दिसू नये, याची काळजी बांधणाऱ्यांनी पुरेपूर घेतली होती.

१८८० साली या वाड्यात सेरा वेल्स नावाची बाई मुख्य कारभारीण म्हणून रुजू झाली. तिच्या धाकट्या मुलाचं नाव हर्बर्ट जॉर्ज, म्हणजे पुढे जगाला माहीत झालेला एच. जी. वेल्स. आईला भेटायला आला की त्याचा मुक्काम तळघराच्या बाजूला, नोकरांच्या जगात. पण वाड्यातल्या पुस्तकांपर्यंत त्याचा हात पोचला आणि तिथे त्याला प्लेटोचं ‘रिपब्लिक’ सापडलं. भुयारं असलेल्या घरात एका पोराने ‘रिपब्लिक’ वाचावं, हा विज्ञानकथेच्या इतिहासातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा योग आहे. कारण प्लेटोच्या त्या ग्रंथात एक दंतकथा आहे. माणसं घडवताना देवाने कुणात सोनं मिसळलं, कुणात चांदी, कुणात लोखंड आणि कांसं. म्हणून कुणी राज्य करायचं, कुणी लढायचं, कुणी शेत कसायचं. इथवर आपल्याला ओळखीचंच वाटतं. पण प्लेटो पुढे एक कलम जोडतो. सोन्याच्या आईबापांच्या पोटी कधी लोखंडाचं मूल येईल, लोखंडाच्या पोटी कधी सोन्याचं. तेव्हा राज्यकर्त्यांनी दयामाया न दाखवता त्या मुलाची जागा बदलावी.

अपपार्कची मालकी त्या काळात कुणाकडे होती, हेही पाहण्यासारखं आहे. जुने मालक सर हॅरी यांनी सत्तरी गाठल्यावर, १८२५ साली, आपल्याच दुग्धालयात काम करणाऱ्या विशीतल्या मेरी ॲन बुलकशी लग्न केलं. ते वारल्यावर वाडा तिचा झाला आणि तिच्यामागून तिच्या बहिणीचा. वेल्सच्या आईला कामावर ठेवलं ते या बहिणीने. म्हणजे हिरवळीवर फिरणारी मालकीण रक्ताने मुळीच खानदानी नव्हती. माणसं बदलली होती; भुयारं मात्र तशीच होती.

वेल्सच्या वाट्याला आलेलं काम होतं कापडदुकानातली उमेदवारी. दिवसाचे तेरा तास उभं राहायचं, ठाण उलगडायचं आणि पुन्हा गुंडाळायचं. ते असह्य होऊन एका रविवारी तो सतरा मैल चालत अपपार्कला आईकडे आला आणि परत जाणार नाही म्हणाला. त्याला तारलं ते एका सरकारी योजनेने. विज्ञानाच्या परीक्षेत मुलं उत्तीर्ण झाली की शिक्षकाला सरकारकडून पैसे मिळत. त्यामुळे हुशार पोरगा हेरण्यात शाळेचाही फायदा होता. वेल्स भराभर परीक्षा देत गेला आणि १८८४ साली शिष्यवृत्तीवर लंडनला पोचला. आठवड्याला एक गिनी, आणि जीवशास्त्र शिकवायला साक्षात टी. एच. हक्सली. ‘समान संधी’ या गोष्टीची झुळूक अंगावरून गेलेला हा मुलगा. अकरा वर्षांनी, १८९५ साली, त्याने ‘द टाइम मशीन’ लिहिली.

या कादंबरीतला प्रवासी इसवी सन ८,०२,७०१ मध्ये उतरतो. समोर सुंदर, नाजूक, खेळकर अशी ‘इलॉय’ माणसं. ती काम करत नाहीत, फळं खातात, फुलं माळतात. प्रवाशाला आधी वाटतं, विषमता संपलेली दिसते. मग त्याला जमिनीत खोल विहिरी दिसतात, त्यांवर छोटे घुमट, आणि आतून यंत्रांची धडधड. हे अपपार्कचे झरोकेच, आठ लाख वर्षांनी मोठे झालेले. खाली ‘मॉरलॉक’ राहतात: फिकट, अंधाराला सरावलेले, अजूनही वरच्यांसाठी राबणारे. आणि रात्री वर येऊन वरच्यांनाच खाणारे.

भुताटकीच्या गोष्टीत असतं तसं भय इथे आहेच, पण मला खिळवून ठेवतं ते वेल्सचं तर्कशास्त्र. मालक-मजूर हा भेद त्याच्या काळात घरांचा, कपड्यांचा, बोलण्याचा होता. वेल्स हक्सलींचा विद्यार्थी; त्याला डार्विन पाठ. त्याने विचारलं, हा भेद पिढ्यान्‌पिढ्या असाच टिकला, लग्नं आपापल्यातच होत राहिली, तर एक दिवस तो शरीरात उतरणार नाही का? वाडा मुलाच्या नावावर होतो, तसा देहही नावावर होऊ लागेल. वारसा मिळालेल्या सुखाचं अखेर काय होतं, याचं वेल्सने दिलेलं उत्तर भयंकर आहे: सुखात वाढलेली जात दुबळी होत जाते आणि भक्ष्य बनते.

पण निसर्गात खरंच असं घडतं का? याच सुमारास वेल्सच्याच देशात एक माणूस मोजपट्टी घेऊन या प्रश्नामागे लागला होता. फ्रान्सिस गाल्टन, चार्ल्स डार्विनचा नात्यातला भाऊ. ‘युजेनिक्स’, म्हणजे निवडक वंशवाढीचं शास्त्र, हा शब्द १८८३ साली त्यानेच घडवला. थोर माणसांच्या पोटी थोर माणसं जन्मतात यावर त्याचा ठाम विश्वास. त्याने २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंचीचे आकडे जमवले आणि १८८६ साली निष्कर्ष मांडला. आईबापांची सरासरी उंची समाजाच्या सरासरीपेक्षा तीन इंच जास्त असेल, तर मुलांची सरासरी उंची फक्त दोनच इंच जास्त भरते. एक तृतीयांश ठेवा वाटेतच जातो. ठेंगण्या आईबापांच्या मुलांचंही तसंच, उलट दिशेने: ती आईबापांपेक्षा सरासरीच्या जवळ सरकतात.

गाल्टनने यासाठी जी उपमा वापरली ती वाचून मी थक्क झालो होतो. त्याने लिहिलं की निसर्ग हा जणू वारसाकर लावतो, आणि तो गुणांवर लावतो तसाच अवगुणांवरही, कुणाचीही भीड न ठेवता. वंशशुद्धीचं स्वप्न पाहणाऱ्यालाच आपल्या आकड्यांतून ही समतेची खूण दिसली होती. स्वप्न मात्र त्याने सोडलं नाही.

हा कर वसूल कसा होतो, ते आता आपल्याला पुष्कळ कळलं आहे. माणसाची उंची काही जनुकांमुळे, काही बालपणीच्या अन्नामुळे आणि आजारपणांमुळे, काही निव्वळ योगायोगाने ठरते. योगायोग मुलाला देता येत नाही. शिवाय जनुकं दिली जातात तीसुद्धा पिसून. आपल्यात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि बीजपेशीत प्रत्येक जोडीतलं एकच जातं. एवढ्यानेच एका व्यक्तीकडून ८३,८८,६०८ वेगवेगळ्या बीजपेशी संभवतात. जोडप्याचा हिशेब केला तर सुमारे ७० लाख कोटी शक्य मुलं! गुणसूत्रांची आपापसात जी तुकड्यांची देवाणघेवाण होते ती यात धरलेलीच नाही. सख्खी भावंडं एकमेकांपासून इतकी वेगळी का, याचं उत्तर या आकड्यात आहे. जमीनजुमल्याला असा कर आपोआप लागत नाही. सातबाऱ्यावर बापाचं नाव जाऊन मुलाचं लागतं तेव्हा एकरांची एक तृतीयांश घट होत नाही.

हे लक्षात आलं की विज्ञानकथांचं एक मोठं दालन मला वेगळ्याच उजेडात दिसू लागतं. निसर्गाचा हा वारसाकर चुकवता आला तर काय होईल, हा प्रश्न त्या कथा पुन्हापुन्हा विचारत आल्या आहेत.

१९३२ सालचं ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ हे त्याचं सर्वांत थंड डोक्याचं उत्तर. लेखक आल्डस हक्सली हा वेल्सच्या त्या गुरूचाच नातू. त्याच्या जगात आईबापच नाहीत. माणसं बाटल्यांत वाढवली जातात आणि त्यांची प्रतवारी आधीच ठरलेली असते, आल्फापासून एप्सिलॉनपर्यंत. एका बीजांडापासून ९६ पर्यंत जुळी. खालच्या प्रतीच्या गर्भाला मुद्दाम प्राणवायू कमी. हक्सलीने या प्रतींसाठी ‘कास्ट’ हाच शब्द वापरला आहे. कादंबरी लिहिण्याच्या काही वर्षं आधी, १९२५-२६ मध्ये, तो मुंबईत उतरून हिंदुस्थानभर हिंडला होता आणि त्यावर त्याने ‘जेस्टिंग पायलेट’ हे प्रवासवर्णनही लिहिलं. या कादंबरीत एका प्रयोगाची हकिगत येते: सायप्रस बेट रिकामं करून तिथे २२,००० निव्वळ आल्फा वसवले. सहा वर्षं व्हायच्या आत यादवी झाली आणि १९,००० मेले, कारण खालचं काम करायला कुणीच तयार नव्हतं. सगळे पहिले आले तर भुयारात कोण उतरणार, हा प्रश्न एवढ्या निर्दयपणे दुसऱ्या कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

मायकेल यंगचं पुस्तक त्या मानाने फार कमी वाचलं जातं. त्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण त्यातला एक शब्द मात्र जगाने उचलला आहे. ‘द राइज ऑफ द मेरिटॉक्रसी’, १९५८. यंग हा मजूर पक्षाचा माणूस. १९४५ सालचा पक्षाचा जाहीरनामा त्यानेच लिहिला. ब्रिटनमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना वेगवेगळ्या शाळांत पाठवण्याची पद्धत पक्की झाली होती. खानदानाला बाजूला सारून गुणाला वाव देणारी म्हणून तिचं कौतुक होत होतं. यंगने ती पद्धत शेवटपर्यंत ताणून पाहिली. त्याचं पुस्तक म्हणजे २०३३ सालच्या एका समाजशास्त्रज्ञाने लिहिलेला प्रबंध आहे. बुद्ध्यंक अधिक मेहनत बरोबर गुणवत्ता, हे त्या समाजाचं सूत्र. वशिला संपला, घराण्याचं नाव संपलं. प्रत्येकाला योग्य जागा मिळाली. आणि तो समाज आधीच्यापेक्षा क्रूर झाला. पूर्वी खालच्या पायरीवरचा माणूस म्हणू शकत होता की मला संधी मिळाली नाही. आता त्याला तेवढाही आधार उरला नाही. तो खाली आहे कारण तो त्याच लायकीचा आहे, हे शास्त्राने सिद्ध झालेलं. वरच्याला वाटू लागलं की आपल्याला मिळालं ते सगळं आपल्या हक्काचंच.

आणि तरी निसर्गाचा कर चालूच! बुद्धिमान आईबापांच्या पोटी साधारण मुलं येतच राहतात. यंगच्या पुस्तकात त्यावर एक तोडगा निघतो, तो वाचताना अंगावर काटा येतो. वरच्या वर्गात बाळांचा चोरटा बाजार सुरू होतो. घरातलं मंद ठरलेलं बाळ द्यायचं, वर हुंड्यासारखी घसघशीत रक्कम द्यायची, आणि खालच्या वस्तीतलं तल्लख बाळ घ्यायचं. प्लेटोने राज्यकर्त्यांना सांगितलेली अदलाबदल इथे आईबाप पैसे मोजून करतात. प्रबंधाचा निवेदक या व्यवस्थेचा भक्त आहे. शेवटी प्रकाशकाची एक तळटीप कळवते की २०३४ सालच्या जनतेच्या उठावात तो मारला गेला. यंगने हे सगळं धोक्याची सूचना म्हणून लिहिलं होतं. पण ‘मेरिटॉक्रसी’ हा शब्द राजकारणी अभिमानाने मिरवू लागले. अखेर २००१ मध्ये त्याने वर्तमानपत्रात लेख लिहून पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना तो शब्द कौतुकाने वापरू नका, असं सांगितलं. पुढच्याच वर्षी तो वारला.

यंगच्या सूत्रात एक पद कमी आहे, असं मला वाटतं, आणि ते पद त्याच्या बावीस वर्षं आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलं आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली तयार केलेलं आणि करू न दिलं गेलेलं ते भाषण, ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’. त्यात माणसाचं सामर्थ्य तीन गोष्टींवर अवलंबून असल्याचं ते सांगतात: शरीराचा आनुवंशिक वारसा, समाजाकडून मिळालेला वारसा, आणि स्वतःची धडपड. मधल्या पदात आईबापांची देखभाल, शिक्षण, साठत आलेलं ज्ञान हे सगळं येतं. यंगच्या समाजात बुद्ध्यंक आणि मेहनत दोन्ही मोजले जातात, पण हे मधलं पद बुद्ध्यंकाच्या आकड्यात लपून बसतं आणि निसर्गदत्त म्हणून मिरवतं. ज्यांच्या बाजूने जन्म, शिक्षण, घराण्याचं नाव, धंद्यातल्या ओळखी आणि वडिलोपार्जित पैसा आहे त्यांना शर्यतीत पुढे काढणं म्हणजे लायकांची निवड नव्हे, विशेषाधिकाऱ्यांची निवड, असं बाबासाहेब स्पष्ट करतात. त्याच भाषणात ते प्लेटोच्या तीन वर्गांचीही झडती घेतात. आणि बुद्धीसारखे गुण एखाद्या घटकातून नव्हे तर अनेक घटकांच्या जुळून येण्यातून उपजत असावेत, हे आनुवंशिकीतज्ज्ञ विल्यम बेटसनचं मतही पुढे ठेवतात. आज शास्त्रज्ञ एकेका गुणामागे शेकडो-हजारो जनुकांचे बारीक परिणाम मोजतात तेव्हा या उताऱ्याची मला हमखास आठवण येते.

कर चुकवण्याचं आजच्या काळाला शोभेल असं चित्र आहे ‘गॅटाका’ या १९९७ च्या सिनेमात. दिग्दर्शक अँड्र्यू निकोल. नावातली अक्षरं जी, ए, टी आणि सी, म्हणजे डीएनएची चार मूळाक्षरं. इथे आईबाप प्रयोगशाळेत जाऊन आपल्याच गर्भांपैकी उत्तम तो निवडतात. नायक व्हिन्सेंट मात्र नैसर्गिकरीत्या जन्मलेला. टाचेतला रक्ताचा थेंब तपासून नर्स त्याचं भविष्य वाचते: हृदयविकाराची शक्यता ९९ टक्के, आयुष्य ३०.२ वर्षं. त्याला अंतराळात जायचं आहे. ‘गॅटाका’ या अंतराळसंस्थेत त्याला मिळतं ते झाडू मारण्याचं काम. मग तो जेरोम नावाच्या ‘उत्तम’ माणसाची ओळख घेतो. रोज सकाळी तो अंग घासघासून सुटणाऱ्या पेशी काढतो आणि जाळतो. बोटाच्या टोकावर जेरोमचं रक्त भरलेली नकली कातडी, मांडीला बांधलेली जेरोमच्या लघवीची पिशवी. नोकरीच्या मुलाखतीला जातो तर प्रश्न एकही विचारला जात नाही. लघवी तपासली, झाली मुलाखत. असा भेदभाव त्या देशात कायद्याने गुन्हा आहे, पण दाराच्या मुठीवरची एक पेशी सगळं सांगत असेल तर कायदा कोण पाळणार?

अमेरिकेने २००८ मध्ये खरोखरच असा कायदा केला. जनुकीय माहितीवरून नोकरीत आणि आरोग्यविम्यात भेदभाव करायला त्याने बंदी घातली. आयुर्विमा मात्र त्यातून सुटला आहे.

सिनेमात एक प्रसंग आहे. व्हिन्सेंटचे आईबाप दुसऱ्या मुलासाठी डॉक्टरकडे जातात. समोर चार निरोगी गर्भ, दोन मुलगे, दोन मुली. कोणता ठेवायचा? व्हिन्सेंटला खेळायला भाऊ हवा म्हणून ते मुलगा निवडतात. अमेरिकी प्रेक्षकाला हा भविष्यकाळ वाटला असेल. महाराष्ट्राने गर्भलिंगचिकित्सेवर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्येच केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, आणि गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही पुढे त्याच कायद्यात गुन्हा ठरली. तो प्रसंग मुंबईत घडला तर डॉक्टर तुरुंगात जाईल. निवडीची मुभा मिळाली की आईबाप काय निवडतात, हे आपण कल्पनेने नव्हे, घटलेल्या मुलींच्या आकड्यांतून शिकलो आहोत. बुद्धी आणि उंची यांआधी समाजाचे जुने पक्षपात रांगेत उभे असतात.

आणि बुद्धी-उंचीची निवड खरोखर जमेल का? ‘सेल’ या नियतकालिकात २०१९ मध्ये एक हिशेब प्रसिद्ध झाला. दहा गर्भांतून सर्वांत आशादायक तो निवडला, तर अपेक्षित फायदा उंचीत सुमारे अडीच सेंटीमीटर, बुद्ध्यंकात सुमारे अडीच गुण. तोही सरासरीने, प्रत्यक्ष मूल कुठेही जाऊ शकतं. वारसाकर चुकवणं इतकं सोपं नाही!

‘गॅटाका’ बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं असं वाटतं, कारण कथेची सगळी वजनं त्यांनी याच बाजूला ठेवली आहेत. जेरोम सुवर्णपदकासाठी घडवला होता; पोहण्यात त्याला रौप्य मिळालं आणि ते दुसरेपण त्याला पेललं नाही. आणि लघवी तपासणारा लॅमर. सगळ्या सिनेमाभर हा माणूस नळी हातात घेऊन दारावर उभा आहे, आत कोण जाणार ते ठरवतोय. शेवटी कळतं की व्हिन्सेंटची लबाडी त्याने केव्हाच ओळखली होती. त्याचा स्वतःचा मुलगा निवडून, पैसे भरून जन्माला घातलेला, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा तो निघाला नाही. त्या मुलालाही गॅटाकात यायचं आहे, व्हिन्सेंटसारखंच. लॅमर यंत्रावरचा लाल निकाल बदलतो आणि व्हिन्सेंटला यानाकडे जाऊ देतो.